ऐकलं सगळ्यांनी, कळलं कुणालाच नाही : अव्हियांका ५२ चं प्रकरण

संवादकौशल्य किंवा भाषणकला शिकवताना पहिल्याच तासाला फळ्यावर एक आकृती काढतात, डावीकडे बोलणारा, उजवीकडे ऐकणारा, मध्ये संदेश आणि माध्यम, वरून कुठूनतरी येणारा गोंगाट आणि खालून परत फिरणारा प्रतिसादाचा बाण. आकृती इतकी सोपी आहे की दोन मिनिटात पाठ होते आणि त्यामुळेच बहुतेक जण ती परीक्षेपुरती लक्षात ठेवतात. ती खरंच समजून घ्यायची असेल तर २५ जानेवारी १९९० च्या रात्रीचं हे विमान अपघाताचं प्रकरण एकदा शांतपणे, वाक्य न् वाक्य धरून वाचावं असं मला मनापासून वाटतं. यात बोलणारे प्रशिक्षित, ऐकणारेही प्रशिक्षित, रेडिओ चालू, इंग्रजी दोन्हीकडे समजण्याइतकी चांगली, आणि तरी जी एक गोष्ट पोचायला हवी होती ती पाऊण तासाहून जास्त वेळ पोचलीच नाही आणि ७३ माणसं गेली.

आधी काय झालं ते बघू. कोलंबियाच्या अव्हियांका कंपनीचं बोइंग ७०७, फ्लाइट ५२, बोगोटाहून निघून मेडेयीनला थांबून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाकडे चाललं होतं. विमानात १५८ जण, १४९ प्रवासी आणि ९ कर्मचारी. कॉकपिटमध्ये तिघं, कॅप्टन, फर्स्ट ऑफिसर म्हणजे सहवैमानिक आणि फ्लाइट इंजिनिअर. रेडिओवर बोलायचं काम सहवैमानिकाकडे, त्याचं इंग्रजी ठीकठाक होतं. कॅप्टन विमान उडवत होता आणि तिघांचं आपापसातलं बोलणं स्पॅनिशमध्ये चाललेलं. न्यूयॉर्कला त्या रात्री हवामान खराब, धुकं, जोराचा वारा, विमानांची रांग लागलेली, त्यामुळे या विमानाला वाटेत तीन ठिकाणी हवेत घिरट्या घालत थांबवलं गेलं, आधी १९ मिनिटं, मग २९ मिनिटं, मग पुन्हा २९ मिनिटं. एकूण १ तास १७ मिनिटं. या घिरट्यांमध्येच राखीव इंधन जळून गेलं.

तिसऱ्या घिरटीत असताना, रात्री ८ वाजून ४४ मिनिटांनी, कंट्रोलरने, म्हणजे जमिनीवरून रेडिओवर विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या माणसाने, सांगितलं की अजून थांबावं लागेल, पुढची परवानगी ९ वाजून ५ मिनिटांच्या सुमारास मिळेल. तेव्हा सहवैमानिक म्हणाला, आय थिंक वी नीड प्रायॉरिटी, म्हणजे मला वाटतं आम्हाला प्राधान्य लागेल. कंट्रोलरने लगेच विचारलं की किती वेळ थांबू शकता आणि पर्यायी विमानतळ कुठला? उत्तर आलं, पाच मिनिटं, तेवढंच जमेल. कंट्रोलरने पर्यायी विमानतळाचं परत विचारल्यावर सांगितलं, बॉस्टन होतं, पण आता ते जमणार नाही, इंधन संपेल.

इथे जरा थांबायला हवं, कारण माझ्या मते पूर्ण प्रकरणाची गाठ इथेच बसते. कॉकपिटमधून बघितलं तर सगळं सांगून झालंय, प्राधान्य मागितलं, पाच मिनिटं सांगितली, बॉस्टनला जाता येणार नाही हेही सांगितलं, अजून काय सांगायचं राहिलं? पण कंट्रोलरच्या खुर्चीवरून बघा. प्रायॉरिटी या शब्दाला त्याच्या नियमात इमर्जन्सीसारखा ठरलेला अर्थ नव्हता. इमर्जन्सी म्हटलं की बाकीची विमानं बाजूला सारून या विमानाला सरळ खाली आणायचं हे त्याच्यावर बंधनकारक होतं. प्रायॉरिटी म्हटल्यावर काय करायचं? त्याने त्याच्या समजुतीप्रमाणे केलं, विमानाला घिरटीतून बाहेर काढलं आणि जेएफकेच्या रांगेत घेतलं. त्याच्या हिशेबाने प्राधान्य दिलं गेलं. आणि पाच मिनिटं याचा अर्थ तरी काय? ऐकणाऱ्याला असंही वाटू शकतं की अजून पाच मिनिटं घिरटी घालता येईल आणि त्यानंतरही नेहमीचं राखीव इंधन शिल्लक असेल, कारण वैमानिक थांबायचा वेळ सांगतात तेव्हा राखीव सोडूनच सांगतात असं गृहीत धरलं जातं. प्रत्यक्षात ते राखीव आधीच संपत आलं होतं.

वैमानिकांनी प्रायॉरिटी हा शब्द हवेतून काढला नव्हता हेही नोंदवलं पाहिजे. बोइंगच्या एका जुन्या बुलेटिनमध्ये, इंधन फार कमी असताना एटीसीकडे, म्हणजे कंट्रोलरच्या यंत्रणेकडे, प्रायॉरिटी मागावी असं लिहिलेलं होतं. म्हणजे त्यांच्या बाजूच्या कागदात त्या शब्दाला वजन होतं, कंट्रोलरच्या बाजूच्या कागदात नव्हतं. संवादशास्त्रात विल्बर श्रॅमने १९५० च्या दशकात मांडलेली एक कल्पना आहे की बोलणारा आणि ऐकणारा दोघांची अनुभवाची वर्तुळं असतात आणि ती जिथे एकमेकांवर येतात तेवढ्याच भागात अर्थ पोचतो. पुस्तकात वाचताना हे फार ढोबळ वाटतं, पण इथे दोन्ही वर्तुळांत शब्द एकच आणि अर्थ वेगळे, आणि कुणालाच त्याची खबर नाही.

अजून एक गळती इथेच झाली. हे विमान पुढच्या केंद्राकडे फोनवर सोपवणारा कंट्रोलर वेगळा होता, त्याला पाच मिनिटांचं वाक्य ऐकू आलं होतं, बॉस्टनचं वाक्य आलं नव्हतं, तो त्या क्षणी फोनवर होता. मग त्याने पुढे तेवढंच सांगितलं, हे विमान घिरटीत अजून पाच मिनिटंच थांबू शकेल. प्रायॉरिटी शब्द गळाला, बॉस्टन गळालं, इंधन गळालं. पुढच्या कंट्रोलरला मिळाली ती फक्त एक शेड्यूलिंगची अडचण. आणि विमानाच्या बाजूनेही, नवीन कंट्रोलर आला की त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला हवं हे घडलं नाही, कारण त्यांच्या मनात, आपण सांगितलंय. कुणाला सांगितलं? "न्यूयॉर्कला". पण न्यूयॉर्क म्हणजे काही एक माणूस नव्हता, वेगवेगळ्या खोल्यांत वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर बसलेली माणसं होती. परिणाम असा झाला की प्राधान्य मिळालंय असं समजून बसलेल्या या विमानाला थोड्या वेळाने पुढच्या विमानापासून अंतर राखायला एक पूर्ण गोल चक्कर मारायला सांगितलं गेलं, आणि कॉकपिटमधून कुणी हरकत घेतली नाही. त्यांना हे विचित्र वाटायला हवं होतं. प्राधान्य दिलेल्या विमानाला कुणी गोल फिरवत नाही. ती चक्कर हाच खरा प्रतिसाद होता, की बाबांनो तुमचं म्हणणं पोचलेलं नाही, पण तो प्रतिसाद आहे हे कुणी ओळखलं नाही.

आता ९ वाजून २३ मिनिटं. विमान धावपट्टीकडे उतरायला आलं, वाऱ्याने एकदम खाली दाबलं, धावपट्टी दिसेना, कॅप्टन विचारतोय धावपट्टी कुठंय, आणि शेवटी उतरणं सोडून परत वर जावं लागलं. इथून पुढची संभाषणं मी मुद्दाम सावकाश मांडतोय.

कॅप्टन स्पॅनिशमध्ये म्हणाला, त्यांना सांग आपण इमर्जन्सीत आहोत.

सहवैमानिक रेडिओवर इंग्रजीत म्हणाला, बरोबर, दिशा एक आठ शून्य, आणि अं, आम्ही परत एकदा प्रयत्न करतो, आमचं इंधन संपत आलंय.

टॉवरवरून उत्तर, ओके.

कॅप्टनने सांगितलेला शब्द एकच होता आणि तोच शब्द रेडिओवर गेला नाही. जे गेलं ते वाक्याच्या शेपटीला लटकवून गेलं, दिशेचा आकडा, मग परत प्रयत्न करतो, आणि मग जाता जाता इंधन. ज्याने कधी कंट्रोलरचं काम जवळून बघितलंय किंवा त्याबद्दल वाचलंय त्याला कळेल की अशा वेळी ऐकणाऱ्याचा कान आकड्यांवर असतो, मी सांगितलेली दिशा यानं बरोबर परत म्हटली का, उंची बरोबर म्हटली का. आकडा बरोबर आला, त्याने ओके म्हटलं. तो ओके इंधनाला नव्हता, आकड्याला होता. पण सहवैमानिकाच्या कानाने तो पूर्ण वाक्याला लावून घेतला.

कॅप्टन थोड्या वेळाने परत, त्याला सांग इमर्जन्सी आहे, सांगितलंस का? सहवैमानिक, हो सर, सांगितलं.

मग दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर गेले, तिथल्या कंट्रोलरने ३,००० फुटांवर चढायला सांगितलं. कॅप्टन म्हणतो, त्याला सांग इंधन नाहीये. सहवैमानिक रेडिओवर, चढून ३,००० वर राहतो, आणि अं, आमचं इंधन संपत आलंय सर. परत तेच, आकडा आधी आणि इंधन शेपटीला, वर एक सर. कंट्रोलर, ओके, दिशा शून्य आठ शून्य. कॅप्टन विचारतो, इंधन नाही हे सांगितलंस ना? हो सर, सांगितलं, तो आपल्याला परत आणतोय.

माझ्या मते सहवैमानिक खोटं बोलत नव्हता आणि त्याने हलगर्जी केली असंही मला म्हणवत नाही. त्याच्या डोक्यात इंधन संपत आलंय आणि इमर्जन्सी आहे ही दोन वाक्यं एकच होती. ज्याचं इंधन संपत आलंय तो इमर्जन्सीतच असणार, वेगळं काय सांगायचं? पण जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने एक साधी गोष्ट दाखवली होती की काही वाक्यं माहिती देतात आणि काही वाक्यं उच्चारल्याबरोबर काम करतात. मी राजीनामा देतो, मी शपथ घेतो, ही माहिती नाही, ते कृत्यच आहे. इमर्जन्सी जाहीर करणं हे त्या दुसऱ्या प्रकारातलं. इंधन संपत आलंय हे पहिल्या प्रकारातलं, आणि लांबच्या प्रवासाच्या शेवटी प्रत्येकच विमानात इंधन कमी झालेलं असतं, त्यामुळे त्या माहितीवर काय करायचं हे ऐकणाऱ्याच्या अंदाजावर राहतं. त्या रात्री ऐकणाऱ्याचा अंदाज चुकला, आणि तो चुकू शकतो याची सोय बोलणाऱ्याने केली नव्हती.

कॅप्टनच्या बाजूनेही एक गोष्ट बघायला हवी. तो सारखं विचारत होता, सांगितलंस का, सांगितलंस का. या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येऊ शकतं आणि ज्युनिअर माणूस जवळजवळ नेहमी हो म्हणतो. "काय शब्दात सांगितलंस आणि तो त्यावर काय म्हणाला" असं विचारलं असतं तर तिथल्या तिथे फट दिसली असती. कॅप्टन मध्येच म्हणतो की जरा मोठ्याने सांग, मला ऐकू येत नाहीये, म्हणजे तो रेडिओवरचं सगळं पकडू शकत नव्हता हे उघड आहे. म्हणजे कॉकपिटच्या आतसुद्धा दोन भाषा, एक दमलेला माणूस आणि त्याच्या वतीने बोलणारा दुसरा माणूस अशी साखळी होती. निरोप दुसऱ्याकडून पाठवला की मजकुराबरोबर त्याचा जोरही पोचेल याची खात्री राहत नाही. कॅप्टनच्या वाक्यात असलेली निकड सहवैमानिकाच्या वाक्यात येईपर्यंत निम्मी झाली आणि कंट्रोलरपर्यंत पोचताना ती उरलीच नाही.

९ वाजून २६ मिनिटांनी या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारला गेला. कंट्रोलर म्हणाला, मी तुम्हाला साधारण १५ मैल ईशान्येला नेतो आणि मग परत उतरायच्या रांगेत वळवतो, तुम्हाला आणि तुमच्या इंधनाला ते चालेल ना? आणि सहवैमानिक म्हणाला, आय गेस सो, थँक यू व्हेरी मच. चालेल बहुतेक, खूप खूप धन्यवाद.

हे वाक्य पहिल्यांदा वाचताना विश्वास बसत नाही. पण प्रश्नाची घडण बघा. आधी योजना सांगितली, मग चालेल ना विचारलं. अशा प्रश्नाला नाही म्हणायचं म्हणजे समोरच्याची ठरलेली योजना मोडायची, तीही गर्दीच्या रात्री, तीही अशा माणसाची जो तुम्हाला खाली आणणार आहे. सभ्य माणूस अशा वेळी हो म्हणतो. विमानातल्या संभाषणांवर काम केलेल्या शार्लट लिंड या भाषाशास्त्रज्ञ, त्यांनी दाखवलंय की हाताखालची माणसं वरच्यांशी बोलताना वाक्यं मऊ करतात, मला वाटतं, जमलं तर, बहुतेक असे शब्द पेरतात, आणि वाक्य जितकं मऊ तितकी ते दुर्लक्षित जायची शक्यता जास्त. इथे आय थिंक, आय गेस, सर, थँक यू, सगळं एकाच माणसाच्या तोंडी आहे. कंट्रोलर काही त्याचा वरिष्ठ नव्हता, उलट विमानाच्या सुरक्षेबाबत शेवटचा शब्द वैमानिकाचाच असतो, पण बोलण्यात तो स्वतःहून खालच्या पायरीवर जाऊन उभा राहिला.

आणि कंट्रोलरने तरी असा प्रश्न का विचारावा? इंधन किती मिनिटांचं उरलंय, हा सरळ प्रश्न होता, त्याला उत्तर आकड्यातच आलं असतं आणि आकडा ऐकल्यावर कुणीही १५ मैलांचा वळसा दिला नसता. त्याला शंका आली होती हे त्या प्रश्नातूनच दिसतं, नाहीतर इंधनाचा उल्लेख त्याने केलाच नसता. पण शंका अशा रीतीने विचारली की उत्तर आधीच सुचवलं गेलं. तपासात मुख्य दोष वैमानिकांकडे गेला आणि कागदोपत्री ते बरोबरही असेल, पण संवादाचा अभ्यास म्हणून हे प्रकरण शिकवताना फक्त बोलणाऱ्यावर बोट ठेवणं मला पटत नाही. ऐकणं म्हणजे आलेला आवाज स्वीकारून ओके म्हणणं एवढंच नसतं, ज्याला शंका आली त्याने उघडा प्रश्न विचारायचा ही ऐकणाऱ्याची जबाबदारी आहे.

या प्रश्नोत्तरानंतर कॅप्टन विचारतो, काय म्हणाला तो? आणि फ्लाइट इंजिनिअर म्हणतो, तो माणूस चिडलाय. कंट्रोलरचे शब्द बघितले तर त्यात चिडण्यासारखं काहीच नाही, उलट काळजीने विचारलेला प्रश्न आहे. पण भराभर बोलायचा सूर त्या तिघांपैकी एकाला तरी राग म्हणून ऐकू आला. आणि उलट दिशेने, सहवैमानिकाचे शब्द साधे, विनम्र, बाकी दहा विमानांच्या वैमानिकांसारखे, त्यामुळे कंट्रोलरला त्यात काही वावगं जाणवलं नाही. चेहरा दिसत नाही, हात दिसत नाहीत, घामाने भिजलेली कॉलर दिसत नाही, रेडिओवर फक्त शब्द आणि सूर, आणि त्या रात्री दोन्ही चुकीचे वाचले गेले.

भाषणाच्या वर्गात अजूनही सांगतात की संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि देहबोलीचा ५५ टक्के. हे आकडे आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांमधून आले, आणि ते प्रयोग भावना आणि आवडनिवड कळण्याबद्दल होते, शब्द आणि सूर एकमेकांच्या उलट असतील तर माणूस कशावर विश्वास ठेवतो एवढ्यापुरते. सगळ्या संवादाला ते लावता येत नाहीत हे त्यांनी स्वतःही सांगितलंय. तरी ते आकडे फिरतच राहतात आणि नवीन वक्त्यांना असं वाटायला लागतं की उभं राहणं आणि हातवारे जमले की झालं. अव्हियांका ५२ च्या बाबतीत एक नेमका शब्द सगळ्या न्यूयॉर्कचं आकाश रिकामं करू शकला असता. शब्द ७ टक्के नसतात.

पुढचं पटकन सांगतो. ९:२९ ला सहवैमानिकाने विचारलं, आता फायनल देता का, म्हणजे उतरायच्या शेवटच्या टप्प्यावर घेता का. कंट्रोलर हो म्हणाला आणि वळायची दिशा दिली. मग परत ३,००० फुटांवर चढायला सांगितलं तेव्हा सहवैमानिक म्हणाला, नाही सर, आमचं इंधन संपतंय, ओके, ३,००० ठीक आहे, ओके. एकाच दमात नाही आणि ओके. ९:३२ ला चौथ्या नंबरचं इंजिन बंद पडलं, लगेच आणखी एक. आणि तेव्हा रेडिओवर काय गेलं? आमची दोन इंजिनं गेली आहेत आणि आम्हाला प्रायॉरिटी हवी आहे, प्लीज. इंजिनं बंद पडल्यावरही शब्द तोच. कंट्रोलरने दिशा दिली, उतरायची परवानगी दिली, आणि मग विचारलं, विमानतळापर्यंत पोचायला इंधन आहे का? त्याचं उत्तर आलं नाही. ९:३४ च्या सुमारास विमान लाँग आयलंडवर कोव्ह नेक इथल्या एका टेकाडावर कोसळलं. आग लागली नाही कारण जळायला इंधनच उरलं नव्हतं, आणि ८५ जण वाचले. गेलेल्या ७३ जणांत ६५ प्रवासी आणि ८ कर्मचारी, कॉकपिटमधले तिघंही.

अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे तिथल्या वाहतूक अपघात तपासणाऱ्या मंडळाने, मुख्य कारण असं दिलं की वैमानिकांनी इंधनाचं नियोजन नीट केलं नाही आणि इंधन संपायच्या आत इमर्जन्सी एटीसीला कळवली नाही. सोबत असंही लिहिलं की कमी इंधनाच्या स्थितीसाठी वैमानिक आणि कंट्रोलर दोघांना समजेल अशी ठरलेली शब्दावली नसणं हेही एक कारण होतं, आणि विमानांच्या गर्दीचं नियोजनही अपुरं होतं. शब्दावली नसणं हे कारण अधिकृतपणे नोंदवलं गेलं ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण नाहीतर असं प्रकरण "त्या माणसाने बोलायला हवं होतं" यावर संपवून टाकायची सवय असते.

या अपघाताबद्दल एक लोकप्रिय स्पष्टीकरण असं आहे की कोलंबियन संस्कृतीत अधिकाराला मान देतात म्हणून सहवैमानिक दबून बोलला. त्यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, पण मला ते अपुरं वाटतं आणि थोडं धोक्याचंही. संस्कृतीवर ढकललं की आपण त्यातून सुटतो, ते लोक तसे, आपण तसे नाही. प्रत्यक्षात मला वाटतं, बहुतेक, प्लीज हे शब्द जगात सगळीकडे माणसं पेरतात, मीटिंगमध्ये, ऑपरेशन थिएटरमध्ये, स्टेजवर. कॅप्टन तर त्याच संस्कृतीतला होता आणि त्याने स्वच्छ इमर्जन्सी म्हटलं होतं. शब्द अडकला तो वाटेत, भाषा बदलताना, माणूस बदलताना आणि आधीच्या वाक्यात मिसळताना.

मग त्या रात्री ८:४४ ला काय म्हणायला हवं होतं? मी हे प्रकरण चर्चेला देतो तेव्हा हाच स्वाध्याय देतो, की तेच वाक्य परत लिहा. बहुतेक जण आधी लांबलचक लिहितात, घिरट्यांची माहिती, बॉस्टनची माहिती, हवामान, मग शेवटी मागणी. खोडत खोडत हळूहळू असं काहीतरी उरतं: अव्हियांका ५२, इमर्जन्सी जाहीर करतोय, इंधन इतक्या मिनिटांचं उरलंय, ताबडतोब जेएफकेला उतरायचंय, दुसरीकडे जाता येणार नाही. यात आधी कृत्य आहे, मग आकडा, मग मागणी, मग पर्याय का नाही. मऊ शब्द एकही नाही आणि उद्धटपणाही नाही. आणि वाक्य इथे संपत नाही, कारण समोरून फक्त ओके आलं तर परत विचारायचं, तुम्ही माझी इमर्जन्सी नोंदवली का? प्रत्येक नव्या फ्रिक्वेन्सीवर पहिलं वाक्य तेच. आधीच्याला सांगितलंय हे नव्याला माहीत असेल असं धरून चालायचं नाही.

स्टेजवर बोलणाऱ्यालाही यातलं बरंच जसंच्या तसं लागू पडतं. भाषणात मुख्य मागणी शेपटीला लटकवायची सवय फार जणांना असते, वीस मिनिटं पार्श्वभूमी आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात, तर असं आहे, बघा काय करता येईल ते. श्रोते माना डोलवतात, टाळ्या वाजवतात, आणि वक्त्याला वाटतं पोचलं. मान डोलावणं हा त्या टॉवरच्या ओकेसारखाच प्रतिसाद आहे, तो कशाला दिलाय हे विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी नव्या वक्त्यांना सांगतो की भाषण लिहायच्या आधी एक वाक्य लिहा, हे ऐकून उठल्यावर समोरच्याने काय करायचंय, आणि ते वाक्य पहिल्या दोन मिनिटात उच्चारा, पुढे परत एकदा उच्चारा. मग बोलून झाल्यावर "समजलं ना?" असं विचारू नका, कुणाला तरी त्याच्या शब्दात परत सांगायला सांगा. ते ऐकताना कधी कधी वाईट वाटतं कारण भलतंच ऐकू येतं, पण मग दुरुस्त करायला वेळ हातात असतो.

विमानवाहतुकीत पुढे बदल झाले, एकदम नाही, हळूहळू. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, २००३ मध्ये वैमानिक आणि कंट्रोलर यांच्यासाठी इंग्रजी बोलण्याची आणि समजण्याची पातळी ठरवली, सहा पायऱ्या आणि त्यातली किमान चौथी हवी, आणि त्यात व्याकरणापेक्षा अनपेक्षित परिस्थितीत स्वतःला समजावून सांगता येतं का आणि समोरच्याकडून खुलासा करून घेता येतो का यावर भर दिला. २०१२ मध्ये इंधनाच्या शब्दांचाही प्रश्न मिटवला. आता दोनच पायऱ्या आहेत. पहिली मिनिमम फ्युएल, म्हणजे आणखी उशीर झाला तर राखीव इंधनाला हात लागेल, ही अजून इमर्जन्सी नाही. दुसरी मेडे मेडे मेडे फ्युएल, मेडे म्हणजे रेडिओवरची संकटाची ठरलेली हाक, उतरताना ठरलेल्या शेवटच्या राखीवापेक्षा कमी इंधन उरणार असं हिशेबात दिसलं की हे म्हणावंच लागतं, जेट विमानासाठी ते राखीव साधारण ३० मिनिटांचं असतं. म्हणजे कधी बोलायचं हे आता वैमानिकाच्या संकोचावर अवलंबून नाही, आकड्यावर आहे, आणि ते ऐकल्यावर काय करायचं हेही कंट्रोलरच्या अंदाजावर सोडलेलं नाही.